छोट्या कॅटमरानची डोलकाठी एकट्याने कशी उभी करावी

मराठवाड्यातल्या धरणाच्या काठावर शिडाची बोट घेऊन येणारा माणूस बहुतेकदा एकटाच असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर हाक मारली तर काठी धरायला जाणते हात मिळतात. येलदरी, माजलगाव किंवा विष्णुपुरीच्या काठावर भेटतात ते गुराखी, मच्छीमार आणि मोटार चालू करायला आलेले शेतकरी. मदतीला ते आनंदाने धावून येतात. पण जोर कुठे लावायचा आणि कोणत्या क्षणी सोडायचा हे ठाऊक नसलेला हात काठीखाली असला, तर आपलं लक्ष काठीवरून उडून त्या माणसावर जातं, आणि दुखापत झाली तर ती त्यालाच होते. म्हणून एकट्याने काठी उभी करण्याची रीत नीट शिकून घ्यावी. मदत मिळाली तर त्या माणसाला वीस पावलं लांब उभं करून एवढंच सांगावं, "मामा, तार कुठं अडकली दिसली तर ओरडा."

या सगळ्या कामाची एकच कसोटी मी मानतो. कोणत्याही क्षणी दोन्ही हात सोडून दिले, तरी काठी जिथे आहे तिथेच थांबली पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी या कसोटीवर घासून घ्या. एखादी पायरी तिथे टिकत नसेल तर ती बदला.

वजन किती आणि ते कुठे लागतं

उदाहरणासाठी हॉबी १६ घेऊ, म्हणजे दोन अरुंद होड्या आडव्या बीमनी जोडून बनवलेली शिडाची कॅटमरान. हॉबी ऑल्टर यांची ही बोट १९७०च्या सुमारास बाजारात आली आणि जगभर पसरली. जुन्या बोटींच्या खरेदी-विक्रीत तिचं नाव हमखास निघतं. लांबी ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन सुमारे १४५ किलो आणि डोलकाठी आठ मीटरहून थोडी जास्त. तारा-दोऱ्यांसह काठीचं वजन वीस किलोच्या आसपास धरा. तुमची बोट वेगळी असली तर आकडे बदलतील, हिशेबाची पद्धत हीच राहील.

वीस किलो म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीपेक्षाही कमी, मग अडचण काय? अडचण लांबीची आहे. काठीचा बुंधा बिजागरीत अडकवलेला असतो आणि तिचं वजन साधारण मधोमध, म्हणजे बिजागरीपासून चार मीटरवर लागतं. बिजागरीपासून दोन मीटरवर काठी धरून उचलायला गेलात, तर हातावर वीस नव्हे, चाळीस किलो येतात. तेही डोक्याच्या वर, आणि पायाखाली ट्रॅम्पोलिनचं, म्हणजे दोन होड्यांच्या मध्ये ताणलेलं हलणारं कापड असताना.

मग पुढून दोरीने ओढली तर? काठी आडवी असताना पुढच्या टोकाकडून ओढलेली दोरी काठीला जवळजवळ समांतर जाते. ती काठीला वर उचलत नाही, नुसती बिजागरीत रेटते. काठी तीस अंशांवर आली तरी अशा थेट दोरीवर ऐंशी किलोच्या आसपास ताण लागतो. म्हणून दोरीला आधी उंचीवर न्यावं लागतं, आणि त्यासाठी कैची हवी.

कैची

दोन पायांची उलट्या व्ही आकाराची ही चौकट वेल्डिंगच्या कोणत्याही दुकानात बनते. एक इंची जीआय पाइपचे सव्वादोन मीटर लांबीचे दोन तुकडे घ्या. वरची टोकं चेपून, छिद्र पाडून एका बोल्टने जोडा आणि त्याच बोल्टमध्ये दोन मोठे शॅकल (पिनने बंद होणारी धातूची कडी) अडकवा, एक पुढच्या दोरीसाठी आणि एक मागच्या. खालच्या टोकांना बोटीच्या पुढच्या आडव्या बीमवर बसतील असे अर्धे कापलेले पाइपचे तुकडे वेल्ड करून घ्या. आत जुन्या ट्यूबचं रबर चिकटवा, म्हणजे ॲल्युमिनियमवर ओरखडे पडणार नाहीत. पाय बीमच्या दोन्ही टोकांना, एकमेकांपासून साधारण दोन मीटर अंतरावर बसवले की कैचीची उंची दोन मीटर भरते. पाय बीमभोवती फिरू शकले पाहिजेत, पण बीमवरून डावी-उजवीकडे सरकता कामा नयेत. त्यासाठी प्रत्येक पाय पट्ट्याने कोपऱ्याला बांधा.

कैचीच्या टोकापासून काठीवर जिथे बाजूच्या तारा जोडलेल्या असतात तिथपर्यंत एक दोरी जाते. तिची लांबी ठरलेली असते आणि काम संपेपर्यंत बदलत नाही. हा बिंदू बुंध्यापासून साडेपाच मीटरवर असेल तर दोरी सहा मीटरच्या थोडी आत भरते. ती अशा मापाची बांधा की कैची आणि काठी यांच्यात काटकोन राहील. पुढचं शीड चढवायची दोरी या कामाला वापरू नका. तिचं टोक ज्या खाचेत अडकवलेलं असतं ती खाच शिडाच्या ताणासाठी बनवलेली असते, त्या खाचेच्या भरवशावर माणसाच्या डोक्यावरची काठी टांगू नये.

कैचीच्या टोकापासून पुढे ट्रेलरच्या नाकावरच्या खांबापर्यंत कप्प्यांचा संच लावायचा. हा खांब बीमपासून साधारण अडीच मीटर पुढे आणि बिजागरीच्या उंचीच्या जवळपास असतो. संच चार पदरी घ्या आणि त्यात आपोआप पकडणारा कॅम क्लीट असू द्या. सुरुवातीला कैची आणि खांब यांच्यात तीन मीटरपेक्षा थोडं जास्त अंतर असतं. चार पदर म्हणजे तेरा मीटर दोरी संचातच जाते, वर हातात धरायला तीन-चार मीटर हवेत. बोटीच्या मुख्य शिडाचा संच इथे लावायचा मोह होतो, पण तो एवढा ताणला जाईल का हे घरीच मोजून पाहा. अर्ध्यावर दोरी संपली तर काठी खाली न्यावी लागते.

दोरी आठ मिलिमीटरची, विणलेली पॉलिएस्टरची. नायलॉन ताण आला की लांबतो आणि सुटला की झटका देतो. बैलांच्या कासऱ्यासाठी दुकानात टांगलेल्या रंगीत प्लॅस्टिकच्या दोऱ्या स्वस्त असतात, पण आपल्याकडच्या उन्हात त्या एका-दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतात. त्या इथे नकोत.

आता ताण किती? काठी पूर्ण आडवी असेल तर पुढच्या संचावर पन्नास किलोच्या आसपास येतो. चार पदरांत वाटला की हाताला तेरा, घर्षण धरून पंधरा ते अठरा. बोटीच्या मागच्या टोकाशी बिजागरीपेक्षा नव्वद सेंटिमीटर उंच घोडी ठेवून काठी तिच्यावर टेकवली, तर ती सुरुवातीलाच वीस अंश वर असते आणि संचावरचा ताण चाळिसाच्या जवळ येतो. कैचीच्या दोन्ही पायांवर मिळूनही पन्नास किलोपेक्षा जास्त भार पडत नाही, म्हणून एक इंची पाइप पुरतो.

या मांडणीचा सर्वात मोठा फायदा असा, की संचावरचा ताण कैचीच्या टोकापासून खांबापर्यंतच्या अंतराच्या प्रमाणात राहतो. अंतर निम्मं झालं की ताणही निम्मा. काठी जसजशी चढते तसतसं काम हलकंच होत जातं, ते जड होण्याचं कारणच नसतं. म्हणून मध्येच दोरी जड लागली तर नक्की समजा, कुठेतरी काहीतरी अडकलं आहे. हात तिथेच थांबला पाहिजे.

कैचीची उंची खांबापर्यंतच्या अंतरापेक्षा कमीच हवी. काठी उभी होते तेव्हा कैची पुढे आडवी पडते. तिचं टोक खांबाच्या पलीकडे गेलं तर शेवटच्या टप्प्यात दोरी उलटी ओढू लागते.

बाजूचा डोल

काठी पडते ती बहुतेक वेळा मागे नव्हे, बाजूला. बाजूच्या दोन तारा दोन्ही होड्यांवर, काठीच्या बुंध्यापेक्षा मागे जोडलेल्या असतात. काठी मागे झुकलेली असते तोवर त्या सैल लोंबत असतात. काठी जवळजवळ उभी झाली की शेवटच्या काही अंशांतच त्या ताणल्या जातात. म्हणजे सगळ्या प्रवासात काठीला बाजूने धरणारी एकच गोष्ट उरते, ती बिजागरीची बोटभर पिन.

यावर उपाय तात्पुरत्या बाजूच्या दोऱ्यांचा आहे आणि त्या कुठे बांधायच्या यातच सगळं आहे. त्या बिजागरीच्या रेषेतच बांधायच्या, म्हणजे पुढच्या बीमच्या दोन टोकांना. बिजागरीचा अक्ष डावीकडून उजवीकडे सरळ वाढवला तर तो ज्या बिंदूंजवळून जाईल तिथे दोरी बांधली की काठी आडवी असो, अर्धी असो की उभी, दोरीची लांबी बदलत नाही. ती सतत ताठ राहते. हीच दोरी थोडी मागे बांधली तर काठी चढताना ती आवळत जाईल आणि काठी अडेल, पुढे बांधली तर सैल पडेल. बीम आणि बिजागरी यांच्या उंचीत दोन-चार सेंटिमीटरचा फरक चालतो.

ट्रॅपीझच्या तारा (ज्यांना लटकून खलाशी बोटीबाहेर झुकतो) काठीवर असतीलच तर त्यांच्या खालच्या टोकांना दोरी जोडून त्याच बीमच्या कोपऱ्यांना बांधा, वेगळ्या दोऱ्यांची गरज नाही. मात्र त्यांना जोडलेला रबर आधी काढून टाका. रबर लावलेली तार ताठ दिसते, पण धरत काहीच नाही.

जागा

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरलेला असताना सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो, पण तो उथळ आहे. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठ लांबच लांब मागे सरकतो आणि मधल्या गाळपेर जमिनीत पिकं उभी राहतात. गेल्या वेळी जिथे ट्रेलर लावला ती जागा या वेळी पाण्यापासून फार दूर असू शकते किंवा पाण्याखालीही. नाथसागर १९८६पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे तिथे वन विभाग आणि जलसंपदा विभाग या दोघांच्या परवानगीशिवाय बोट नेऊ नये. बाकीच्या धरणांवरही जलसंपदाच्या शाखा कार्यालयात आधी विचारून घ्या.

काळ्या मातीवर काठी उभी करू नका. वरून सुकलेली, भेगाळलेली दिसते, पण पाण्याजवळ ती आतून ओली असते आणि भार एका बाजूला आला की चाक रुततं. मुरमाची किंवा खडकाळ जागा शोधा. ट्रेलर आडवा पाच अंश कलला तर आठ मीटरवरचं काठीचं टोक सत्तर सेंटिमीटर बाजूला जातं. मोबाईलमधलं पातळी दाखवणारं ॲप बीमवर ठेवून पाहा आणि खालच्या बाजूच्या चाकाखाली फळी घाला.

विजेच्या तारा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो, तुम्हीही थांबा.

मराठवाड्यातल्या धरणांचे काठ शेतीपंपांच्या जोडण्यांनी भरलेले आहेत. ११ केव्हीच्या लाइनी शेतांतून थेट पाण्यापर्यंत उतरतात, डीपी (रोहित्र) काठावरच असतो. रस्ता सोडून शेतातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या उघड्या तारेला नियमाने जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंची पुरते, रस्ता ओलांडणाऱ्या तारेला ६.१ मीटर. खांब कलला की तार याहूनही खाली येते. ट्रेलरवरच्या बोटीचा बीम जमिनीपासून मीटरभर उंच धरला तर उभ्या काठीचं टोक नऊ मीटरच्या वर जातं. म्हणजे अशा तारेखालून जाण्याइतकी जागा आहे असं कधीच धरू नये. ॲल्युमिनियमची काठी, स्टीलच्या तारा आणि त्या धरून उभा असलेला माणूस, एवढं विजेला पुरेसं आहे.

अमेरिकेत अशा अपघातांत माणसं गेली. त्यानंतर १९८०च्या दशकात हॉबीच्या काठ्यांचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा बनवला जाऊ लागला. तुमच्या काठीला तसं टोक असलं तरी त्याच्या भरवशावर राहू नका. खालचा भाग ॲल्युमिनियमचाच असतो, तारा स्टीलच्याच असतात आणि ओलं, धुळकट फायबर वीज वाहू शकतं.

माझा नियम असा: काठीच्या बुंध्यापासून सगळ्या दिशांना वीस मीटरच्या आत डोक्यावर एकही तार नको. काठी कोणत्याही बाजूला पडली तरी तारेपासून लांब राहील. दुसरं, जिथे काठी उभी करायची तिथून पाण्यापर्यंतचा सगळा रस्ता आधी पायी चालायचा, मान वर करून. वाटेत एकही तार आडवी असेल तर काठी त्या तारेच्या पलीकडे गेल्यावरच उभी करायची. लोडशेडिंग आहे, लाइन बंद आहे, असं कोणी सांगितलं तरी ती चालू आहे असंच धरायचं. पाण्यावरही हाच विचार हवा, कारण धरणाच्या फाट्यांवरून, खाड्यांवरून तारा एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलेल्या असतात.

काठी तारेला लागलीच तर बोट, ट्रेलर, गाडी यांपैकी कशालाही हात लावू नका. दोन्ही पाय जवळ ठेवून छोटी छोटी पावलं सरकवत लांब जा, इतरांना लांब ठेवा आणि महावितरणच्या १९१२ क्रमांकावर लाइन बंद करायला सांगा.

वेळ आणि वारा

सकाळी लवकर. मार्च ते मे या काळात उन्हं चढली की मोकळ्या रानात वावटळी उठतात, दुपारनंतर वळवाचा वारा कधी सुटेल याचा नेम नसतो. वावटळ कोणत्या बाजूने काठीला धरेल हे सांगता येत नाही, म्हणून धुळीचा खांब दूरवर दिसला तरी काम पुढे ढकला. गडगडाट ऐकू आला तर काठी खालीच राहू द्या.

काठी चढवताना वारा बोटीच्या मागून यावा असं मला वाटतं. मागून आलेला वारा काठीला पुढे, बाजूच्या तारांच्या ताणात ढकलतो, आणि त्या तिला धरतात. समोरून आला तर पुढची तार (काठीला पुढून धरणारी) जोडायच्या आतच तो काठी मागे रेटतो. बाजूचा वारा सर्वात वाईट. झाडांच्या शेंड्यांची पानं सतत सळसळत असतील तर मी थांबतो. शिडं वेगळ्या वेळी, बोट वाऱ्याच्या तोंडाला वळवून चढवायची. काठीसोबत शीड बांधून ठेवायचं नाही.

आता काठी चढवायची

ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा. हॅन्डब्रेक, गिअर आणि चाकांना पुढून-मागून दगड. सुटा ट्रेलर धोक्याचा असतो. काठी मागे लांबवर गेलेली असल्याने मागचा भार वाढतो आणि ट्रेलरचं नाक उचललं जाऊ शकतं. बोट पुढच्या आणि मागच्या बीमवरून रॅचेट बेल्टने ट्रेलरला घट्ट आवळा, कारण आपण ट्रेलरच्या खांबाला धरून बोटीवरची काठी ओढणार आहोत. हातात मोजे घाला. उन्हात तापलेलं ॲल्युमिनियम आणि तुटलेल्या तारेचा एखादा बारीक काटा, दोन्हीसाठी ते लागतात.

काठी पालथी की उताणी हे आधी पाहा. शीड ज्या खाचेत बसतं ती बाजू खाली, म्हणजे उभी झाल्यावर मागे येईल अशी ठेवा. बुंधा बैठकीत बसवा, बिजागरीची पिन घाला, तिची रिंग घाला. बैठकीत काळी माती गेली असेल तर आधी पाण्याने धुऊन काढा.

मग तारा. प्रत्येक तार वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत बोटांतून सरकवत आणा. पीळ, वाकलेला भाग, जोडाजवळ तुटलेला एखादा धागा यांपैकी काहीही दिसलं तर त्या दिवशी काठी चढवू नका. बाजूच्या तारांची खालची टोकं छिद्रांच्या पट्टीत सर्वात सैल छिद्रात जोडा, पिन आणि रिंग दोन्ही घालून. नुसती पिन सैल तारेतून हादऱ्याने निसटते. पुढची तार काठीला समांतर आणून एका बारीक दोरीने सैल बांधून ठेवा, म्हणजे काठी उभी झाल्यावर तिचं टोक तुमच्या हाताला येईल.

कैची उभी करा. मागची ठरलेली दोरी काठीला, पुढचा संच खांबाला जोडा. दोन्हीकडून हलका ताण आला की कैची आपोआप उभी राहते. बाजूच्या तात्पुरत्या दोऱ्या बीमच्या कोपऱ्यांना बांधा. डाव्या-उजव्या दोन्ही सारख्याच ताठ आहेत का ते काठी मधोमध ठेवून तपासा.

आता ट्रेलरच्या पुढे, पण खांबाच्या सरळ रेषेत नाही, एका बाजूला उभे राहा. दोरी तुटली तर ती ज्या रेषेत येईल त्या रेषेत उभं राहायचं नाही. संच ओढा आणि काठी घोडीवरून फक्त एक वीतभर उचला. थांबा. कॅम क्लीटमध्ये दोरी पकडली आहे याची खात्री करा आणि दोरीचं मोकळं टोक खांबाला दोन वेढे घेऊन बांधा. मग बोटीभोवती पूर्ण फेरी मारा. काठीखालून नाही, बाहेरून.

या फेरीत काय पाहायचं? बाजूची तार होडीच्या कडेखाली, सुकाणूच्या कड्यात, ट्रेलरच्या मडगार्डला किंवा चाकाच्या नटाला अडकलेली आहे का. तात्पुरत्या दोऱ्या ताठ आहेत का. कैचीचे पाय जागेवर आहेत का. बिजागरीची पिन सरळ आहे का. पुन्हा एकदा डोक्यावर आकाश मोकळं आहे का.

सगळं नीट असेल तर वेढे सोडून ओढायला लागा. हातभर ओढा, क्लीटमध्ये पकडू द्या, पुन्हा हातभर. घाईचं काहीच कारण नाही. प्रत्येक थोड्या वेळाने नजर काठीच्या टोकाकडून खाली बाजूच्या तारांकडे फिरवा. काठी तीस-चाळीस अंशांवर असताना तार सर्वात जास्त अडकते, कारण तेव्हा तिचा सैल लोंबता झोल जमिनीवरून आणि ट्रेलरच्या कोपऱ्यांवरून उचलला जात असतो. दोरी जड लागली तर थांबा, बांधा, जाऊन पाहा. जोर लावून तार सुटली असं वाटतं तेव्हा बहुधा ती तुटलेली किंवा वाकलेली असते.

सत्तर अंशांच्या पुढे ताण इतका कमी होतो की काठी तरंगत वर गेल्यासारखी वाटते. इथेच लक्ष ढळतं, म्हणून इथे वेग अजून कमी करा. शेवटी बाजूच्या तारा ताठ होतील आणि काठी थांबेल. त्यापुढे ओढू नका.

पुढची तार

आता दोरी क्लीटमध्ये आहे एवढ्यावर समाधान मानू नका. क्लीटवर पाय पडला किंवा दोरी वर उचलली गेली तर ती सुटते. मोकळं टोक खांबाला वेढे देऊन पक्की गाठ मारा. मग दोन्ही हात सोडा आणि दहापर्यंत मोजत काठीकडे पाहा. हलली नाही तरच पुढे जा.

पुढची तार सोडवून घ्या आणि दोन्ही होड्यांच्या नाळेवरून आलेल्या तारांच्या जोडाला ती जोडा. पिन, रिंग, आणि रिंगेवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा. तार पोचत नसेल तर संच थोडा आणखी आवळा. तरीही पोचत नसेल तर बाजूची तार कुठेतरी अडकली आहे किंवा चुकीच्या छिद्रात आहे, हे जाऊन पाहा. एका हाताने काठी पुढे ओढून दुसऱ्या हाताने पिन घालण्याचा प्रयत्न कधीच करू नका. एकट्या माणसाच्या हातून काठी निसटते ती याच क्षणी.

पुढची तार पक्की झाल्यावर आणि तीनही पिनांच्या रिंगा हाताने चाचपून झाल्यावरच संच सैल करा. मग कैची उतरवा, तात्पुरत्या दोऱ्या सोडा. सर्वात शेवटी बिजागरीची पिन काढा, कारण ती तशीच राहिली तर काठी वाऱ्यात फिरणार नाही आणि बैठकीवर ताण येईल. पिन, रिंगा आणि शॅकल एकाच रंगीत पिशवीत ठेवा. काळ्या मातीत पडलेली रिंग सापडत नाही.

बाजूच्या तारा पाण्यात उतरण्याआधी योग्य छिद्रात घ्या. तार सैल असेल तेव्हाच पिन बदला, आणि एका वेळी एकच बाजू सोडा.

नुसत्या हातांनी

काही जण कैचीशिवाय, ट्रॅम्पोलिनवर उभे राहून काठी खांद्यावर घेतात आणि चालत पुढे येत ती उभी करतात. लहान बोटीवर, सपाट जागेवर, धडधाकट माणसाला ते जमतं. तरीही तात्पुरत्या बाजूच्या दोऱ्या लावाव्यात, आणि काठीला बांधलेली एक दोरी आधीच पुढच्या खांबावरच्या क्लीटमधून घेऊन ठेवावी, म्हणजे काठी उभी झाल्यावर एका हाताने ती दोरी ओढून पकडता येते. माझं मत स्पष्ट आहे: एकटे असाल तर हा मार्ग घेऊ नका. वर दिलेल्या कसोटीत तो टिकत नाही.

उतरवताना

सगळं उलट्या क्रमाने, पण पहिली पायरी विसरू नका: पुढच्या तारेला हात लावण्याआधी बिजागरीची पिन परत घाला. मग तात्पुरत्या दोऱ्या, मग कैची, मग संच ताठ करून बांधणं आणि त्यानंतरच पुढची तार. बाजूच्या तारा आधीच सैल छिद्रात आणून ठेवा.

संच सैल केला तरी काठी जागची हलत नाही, कारण ती जवळजवळ उभी असते. तिला मागे येण्यासाठी हलका धक्का लागतो. हा धक्का देताना दोरी हातभरच सैल ठेवा. दोन मीटर सैल सोडून काठी ढकलली तर ती झटक्याने दोरीवर पडते, आणि तो झटका कैचीचे पाय जागचे हलवू शकतो. उतरताना ताण वाढत जातो हे ध्यानात ठेवून दोरी खांबाभोवती एक वेढा घेऊन सोडा, नुसत्या तळहातांतून नाही. काठी घोडीवर नेमकी बसेल ना हे शेवटचे दोन हात राहिले असताना थांबून पाहा.

घरी निघण्याआधी काठी बोटीवर तीन ठिकाणी बांधा, तारा गुंडाळून काठीलाच पट्ट्यांनी आवळा आणि मागे निघालेल्या टोकाला दिवसा लाल कापड, रात्री चमकणारी पट्टी लावा. गावातल्या गतिरोधकावरून ट्रेलर उडाला की सैल तार चाकात जाते, म्हणून पहिल्या दहा किलोमीटरनंतर गाडी थांबवून सगळे पट्टे पुन्हा आवळून घ्या.